काढलेला डबा

९ जून

ताई,

पहिल्या ओळीत नमस्कार लिहायची हाताला सवय आहे, म्हणून हात आवरला. तुझं पार्सल पोचलं. टोपी बघितली. निळी, कानांवरून खाली येणारी, आतून मऊ अस्तर लावलेली. वीण तुझीच, शंभर टोप्यांत ओळखली असती. त्याच खोक्यातून परत पाठवते आहे. वर हे पत्र ठेवलंय, म्हणजे आधी पत्र हाती लागेल आणि मग टोपी. फोनवर तुला ऐकू येत नाही, मोबाइलवरची अक्षरं तू वाचत नाहीस, तेव्हा कागदच काढावा लागला.

चिठ्ठीत तू एवढंच विचारलंयस, 'खारू कशी आहे?' नऊ वर्षांची मुलगी मांडीच्या हाडात कॅन्सरची गाठ घेऊन कशी असते? केस गेले, भुवया गेल्या, तोंड आतून सोललंय. गोळ्या गिळायच्या सोडून गालात साठवते आणि नर्सची पाठ वळली की उशीखाली थुंकते. तू ठेवलेलं नाव सार्थ करते आहे. पण गाठ औषधाने आकसते आहे. अजून काही पिशव्या चढवायच्या, मग ऑपरेशन, मग पुन्हा पिशव्या, आणि मग ती बरी होऊ शकते. 'होऊ शकते' हे डॉक्टरांचं. मी आणि फिटर 'होणार' म्हणतो. तुझा मेव्हणा अजून फिटरच आहे, बढतीचं बोलायला साहेबांपुढे त्याचं तोंड उघडत नाही.

इथे मला सगळ्याचीच शिसारी आली आहे. फरशी पुसायच्या औषधाचा वास, त्यात उकळलेल्या भाज्यांच्या सूपचा वास, आणि दोन्हींवर मात करायला कुणीतरी फवारलेलं गुलाबाचं अत्तर. भेटायला येणारी माणसं त्याहून वाईट. दारात उभी राहून आधी बेड बघतात, मग मला, मग घड्याळ. शेजारच्या बाईने खारूच्या समोर मला विचारलं, "केस परत तसेच दाट येतात का हो?" एक लांबचे काका सफरचंदं घेऊन आले आणि गप्पा मारता मारता स्वतःच खाऊन गेले. एक गृहस्थ मुलांना फुगे वाटतात आणि प्रत्येक फुग्याबरोबर गालाला गाल लावून फोटो काढून घेतात. खारू त्यांच्या शर्टावर ओकली. इथे आल्यापासून मला झालेला तेवढाच एक आनंद.

आणि या सगळ्यांत वरचा नंबर तुझा.

भेटायला आलीस तेव्हा तू बेडच्या पलीकडे उभी होतीस. खारू डोळे मिटून पडली होती. नर्स तिथेच होती, म्हणून तू तोंडाने बोलली नाहीस, हाताने बोललीस. तिच्याकडे बोट केलंस आणि अंगठा खांद्यावरून मागे उडवलास.

ताई, तो अंगठा मी माझ्या उमेदीची सगळी वर्षं बघितला आहे. पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्यातल्या त्या खडखडाटात माणसाचा शब्द माणसाला पोचायचा नाही, म्हणून आपण सगळ्या बाया ओठ वाचायचो आणि हातांनी बोलायचो. मला ते तूच शिकवलंस. पालथा तळवा पुढे सरकवला की 'लाव', डबा चांगला आहे, पट्ट्यावर जाऊ द्या. अंगठा खांद्यावरून मागे उडवला की 'काढ', गळका आहे, भंगारात टाका. तू तपासणीवर होतीस आणि आपला अंगठा कधी चुकत नाही याचा तुला ताठा होता. काढलेला डबा परत लावायचा असेल तर ज्या बाईने काढला तिनेच, पुन्हा तपासून. त्याला हात लावायची सुपरवायझरचीसुद्धा टाप नव्हती. आमच्या घरात अजून तोच कायदा चालतो. खारूने ताटाबाहेर काढलेला बटाटा ताटात परत ठेवायचा अधिकार फक्त खारूला.

तो अंगठा तू माझ्या मुलीवर उडवलास. वर बाहेर येऊन तोंडानेही म्हणालीस, "पुरे कर आता. पोरीला सुखाने जाऊ दे."

खारू झोपली होती हे माझं नशीब. टोपी पाठवून असलं काही पुसलं जात नाही.

तुझी धाकटी


२२ जून

ताई,

चार ओळींचं उत्तर मिळालं. 'मी आईचं बघितलंय, तू नाही बघितलंस.' खरं आहे. आईच्या दुखण्यात तिला उचललं, पुसलं, तिच्या जखमा धुतल्या त्या तू. मी कारखान्यातली पाळी संपवून यायचे तोवर चादरसुद्धा बदललेली असायची. पण आई पिकली होती आणि 'आता नको' हे आई स्वतः म्हणाली होती. खारू अजून फक्त सूपला नको म्हणाली आहे.

तुला लिहिणार नव्हते. पण इथे ज्यांच्याशी बोलावं ते सगळे तोंडावर मास्क बांधून फिरतात, आणि मला कुणावर तरी राग काढायचा आहे. तुझ्यावर काढायला हात चांगला बसलाय.

वॉर्डात खारूवर आता नवीन आरोप आहे. ती उद्धट झाली आहे म्हणे. नर्सबाई काही सांगतात आणि ही खिडकीकडे बघत राहते. डॉक्टर विचारतात, "आज दुखतंय का?" तर ही चित्र रंगवत बसते. मग त्यांनी एक समुपदेशक बाई पाठवल्या. त्यांनी एक बाहुली आणली होती, तिचंही टक्कल केलेलं. मास्कच्या आतून मधाळ आवाजात खारूला कायकाय विचारलं. खारूने बाहुली घेतली, पालथी केली आणि तिच्या पाठीतला बॅटरीचा खण उघडून बघितला. बापाची मुलगी. मग बाईंनी मला बाजूला घेतलं आणि मास्क खाली केला.

"तिच्या मनात फार राग साठलाय. तिने जगाशी बोलणंच तोडून टाकलंय."

"आमच्याशी तर तोंडाचा पट्टा चालू असतो," मी म्हटलं.

त्यावर त्या मान कलती करून हसल्या. मी पण खरं ते नाकारते आहे, असं त्या हसण्यात लिहिलेलं होतं. गोड हसणाऱ्या माणसांचा मला वीट आला आहे.

आणि आमच्याशी खरंच काही बदललेलं नाही. आम्हा आईबापांना आत मास्कची सक्ती नाही. संध्याकाळी फिटर पाळीवरून येतो, हातपाय धुतो, आणि आम्ही तिघं समोरासमोर बसून निम्मं ओठांनी, निम्मं हातांनी बोलतो. शेजारच्या बेडवरच्या पाहुण्यांची उणीदुणी काढायला याच्याइतकी चांगली सोय नाही. काल फिटरने फुगेवाल्या गृहस्थांची नक्कल केली. खारू इतकी हसली की तोंडातल्या जखमेतून रक्त आलं. आणि ही मुलगी जगाशी बोलत नाही म्हणे!

दुसरी कटकट पंपाची. पिशवीतलं औषध ज्या यंत्रातून शरीरात जातं ते बेडशेजारी स्टँडवर बसवलेलं असतं आणि पिशवी संपली की वाजतं. आपल्या कानांची कारखान्याने काय वाट लावली ते तुला सांगायला नको. तुझे पार गेले. माझे आणि फिटरचे बारीक, उंच आवाज गेले. दाराची बेल, किटलीची शिट्टी, मोबाइल, काही कळत नाही. म्हणून घरात ते काम खारूचं. "आई, बेल." "बाबा, फोन." इथेही सुरुवातीपासून तीच सांगायची, "आई, पंप ओरडतोय." काल इन्चार्ज नर्स तरातरा आली आणि सगळ्या वॉर्डासमोर माझ्यावर खेकसली.

"केव्हाचा वाजतोय! तुम्ही इथे बसून करता तरी काय?"

मीही सोडलं नाही. म्हटलं, "वाजलाच नाही. वाजला असता तर माझ्या मुलीने सांगितलं असतं. तुमचं यंत्र बिघडलंय, ते आधी दुरुस्त करा."

ती थोबाडीत मारल्यासारखी बघत राहिली. आपली चूक झाकायला आजाऱ्याच्या आईवर खोटं ढकलतात, कसली माणसं ही! फिटर म्हणाला, रविवारी सुटी आहे, तेव्हा मी स्वतः पंप बघतो.


३ जुलै

ताई,

पंप बिघडलेला नाही.

रविवारी पिशवी संपत आली तेव्हा फिटर पंपापाशी उभा राहिला. कारखान्यात यंत्राचं दुखणं तो तळव्याने ओळखतो, तसा त्याने पंपाच्या पाठीवर तळवा टेकला. थोड्या वेळाने माझ्याकडे बघून त्याचे ओठ हलले, "वाजतोय." पंपावरचा लाल दिवाही लागला होता. आम्ही दोघांनी एकदमच खारूकडे बघितलं. ती आमच्याकडे पाठ करून, पंपापासून हातभर अंतरावर, चित्र रंगवत होती.

फिटर तिच्या मागे जाऊन नेहमीच्या आवाजात म्हणाला, "खारू, आइसक्रीम आणू?"

"हं," ती म्हणाली. मान वर केली नाही.

"खारू, तुझ्या पाठीवर झुरळ आहे."

"हं."

झुरळ, ताई. स्वयंपाकघरात झुरळ दिसलं तर ही मुलगी टेबलावर चढून बसते.

मग त्याने तिच्या खांद्याला हात लावला. ती वळली, त्याच्या ओठांकडे बघितलं आणि हसली. "काय रे बाबा?"

मी समोर जाऊन विचारलं, पंप ऐकू येतो का? ती म्हणाली, "त्याचा आवाज बंद केलाय ना त्यांनी? मला वाटलं, इतर मुलांची झोप मोडते म्हणून बंद केला." आणि माणसं? नर्स, डॉक्टर, त्या बाहुलीवाल्या बाई? "ते सगळे फार हळू बोलतात. मला वाटलं, आजारी माणसाशी असंच बोलतात."



हे औषध कानांना लागू शकतं हे आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. दर फेरीला डॉक्टर विचारायच्या, "ऐकू नीट येतं ना तिला?" आणि मी छाती फुगवून सांगायचे, "आमच्या घरात कान आहेत ते फक्त तिलाच." दुसऱ्या कुठल्याही आईला केव्हाच कळलं असतं. मूल 'काय? काय?' करायला लागलं असतं. आमच्या मुलीला 'काय' विचारायची गरजच पडली नाही. बोलायला लागल्यापासून ती आमच्या तोंडाकडे आणि हातांकडे बघत आली आहे. आम्ही शिकवलं, कौतुकाने. पाहुण्यांसमोर करून दाखवायला लावलं.

कान तपासायची खोली पलीकडच्या इमारतीत आहे. सुरुवातीला एकदा तपासलं. नंतर कधी तिथला माणूस रजेवर, कधी खारूला हलवण्याइतकी ताकद नाही, आणि मग 'आई म्हणते ठीक आहे' यावर भागलं. मला जास्त किळस कोणाची येते आहे ते सांगता येत नाही, त्यांची की माझी. सकाळपासून आरशात बघितलेलं नाही.

हे तुला का लिहिते आहे? कारण हे ज्याला न सांगता कळेल असं माणूस अख्ख्या जगात एकच आहे, आणि ते तू असावंस याचा मला भयंकर संताप येतो.


६ जुलै

ताई,

वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून लिहिते आहे, अक्षर लागलं नाही तर सोडून दे.

आज पुढची पिशवी लावायची ठरली होती. त्याच औषधाची. मी म्हटलं, आधी कान तपासा, मग लावा. मोठ्या डॉक्टर म्हणाल्या, "तपासनीस रजेवर आहे, आणि उशीर केला तर गाठीला मोकळीक मिळेल. आधी जीव, मग कान." किती गोंडस वाक्य! भिंतीवर रंगवून घ्यावं. फिटर माझ्या मागे उभा होता. साहेबांपुढे ज्याचं तोंड उघडत नाही तो पुढे आला आणि म्हणाला, "बाई, जीव आणि कान एकाच मुलीचे आहेत. न तपासता नाही." आणि त्याने पंपाचा स्टँड दोन्ही हातांनी धरला.

अजून धरलेला आहे. मघाशी दारावरचा पहारेकरी आला. फिटर त्याच्याशी अतिशय नम्रपणे बोलतो आहे, त्याच्या मुलाबाळांची चौकशी करतो आहे, आणि स्टँड सोडत नाही. आम्हाला आता इथे 'ते त्रासदायक आईबाप' म्हणतात. मी ओठांवरून वाचलं. मास्क खाली करून कॉफी पिताना माणसं फार मोकळं बोलतात.

खारूने हाताने विचारलं, बाबा स्टँडला का लटकलाय? मी सांगितलं, बसमध्ये उभ्याने जायची सवय, दुसरं काय.


१५ जुलै

ताई,

जिला मी भर वॉर्डात खोटारडी ठरवलं होतं तीच इन्चार्ज नर्स शेवटी कामाला आली. पंप वाजल्यावर आम्ही तिघंही ढिम्म का बसतो, हे तिला फिटरने स्टँड धरला त्या दिवशी माझ्याकडून कळलं. ती फोनपाशी गेली आणि कोणाकोणाला झापून तपासनीसाला रजेवरून बोलावून घेतलं. मी तिची माफी मागायला गेले तर म्हणाली, "ते नंतर. आधी खुर्ची ढकला."

काचेची एक बंद पेटी होती. आत खारू, कानांवर हेडफोन, पुढ्यात पत्र्याचा डबा आणि लाकडी मणी. आवाज आला की मणी डब्यात टाकायचा. सुरुवातीला भराभर पडले. मग तपासनीस बटण वरवर फिरवत गेला, बारीक आवाजांकडे, आणि मणी खारूच्या हातातच राहिला. मी काचेच्या बाहेर होते. ती मणी डब्यावर धरून, अगदी तयारीत, शहाण्या मुलीसारखी बसली होती. बटण फिरत होतं आणि ती वाट बघत होती. मला काच फोडावीशी वाटली.

बाहेर आल्यावर म्हणाली, "आता आईचं करा." तपासनीस भला माणूस, त्याने केलं. कागदावरच्या आलेखात मायलेकींचा उतार जवळजवळ एकच निघाला. कारखान्याने ज्याला माझी निम्मी जिंदगी घेतली ते औषधाने तिच्या बाबतीत एका उन्हाळ्यात उरकलं. गेलेले आवाज परत येत नाहीत, तो म्हणाला. याच औषधाच्या पिशव्या पुढे चालू ठेवल्या तर साधं बोलणंही हाती राहणार नाही.

दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टर आल्या आणि त्यांनी एक गोष्ट केली, जिच्यासाठी मी त्यांचं ते भिंतीवरचं वाक्य विसरायला तयार आहे. त्या आत आल्याच नाहीत. दाराच्या काचेबाहेर उभ्या राहिल्या, मास्क काढला आणि थेट खारूकडे बघून बोलायला लागल्या. काचेतून आवाज येत नव्हता. आम्हा तिघांना शब्दन् शब्द कळत होता. आत उभी असलेली इन्चार्ज नर्स, जिचे कान वॉर्डात सगळ्यात तिखट, आळीपाळीने आमच्या तोंडांकडे बघत होती.

"काय म्हणतायत? अहो, काय म्हणतायत?"

खारूने तिला समजावून सांगितलं. काय ऐट होती!

डॉक्टर म्हणत होत्या ते असं. हे औषध थांबवून दुसरं देता येईल. ते कानांना कमी लागतं. पण गाठीवर ते जुन्याइतकंच पक्कं ठरेल अशी हमी देता येत नाही. आईबाबांनी ठरवावं.

मग मी आणि फिटर जिन्यात जाऊन भांडलो. तो म्हणाला, जुनंच देऊ. बहिरी तर बहिरी, पण असू दे. मी म्हटलं, मग स्टँडला लटकलास कशाला? तर म्हणाला, "न तपासता लावत होते म्हणून. आता तपासलंय, आता मला भीती वाटते." त्याचा चेहरा बघवेना. मला वाटलं, याच्याजागी तू असतीस तर अंगठा उडवून मोकळी झाली असतीस. तुझी त्या क्षणी मला जितकी चीड आली तितकी कधीच आली नव्हती, कारण एका निमिषाकरता मला तुझा हेवा वाटला होता.

शेवटी आम्ही डॉक्टरांना म्हटलं, गाठ पुन्हा तपासा, मग ठरवू. गाठीचे फोटो काढले. निम्म्याहून लहान झाली आहे. ते बघितल्यावर फिटरने माझ्याकडे बघून पालथा तळवा पुढे सरकवला. लाव. नवीन औषध लाव.

बरोबर केलं की नाही ते माहीत नाही. ज्यांना माहीत असतं असं वाटतं ती माणसं मला हल्ली सहन होत नाहीत.


२ ऑगस्ट

ताई,

नवीन औषधाची पहिली पिशवी झाली. ओकाऱ्या थोड्या कमी आहेत. ऑपरेशनची तारीख मिळाली आहे. कानांत बसवायची यंत्रंही आली, लाल रंगाची, खारूने निवडलेली. सगळं नाही, पण बरंच पोचतं. यंत्र बसवलं तेव्हा तिने आधी चमचा कपावर वाजवून बघितला, मग कागद चुरगळला. आणि दुपारी अचानक ओरडली, "आई! पंप ओरडतोय!" अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला. मी तिथेच खाली बसून रडले. इन्चार्ज नर्स पंप बंद करायला धावत आली ती पंप बंद करायचं विसरून माझ्या शेजारी बसली.

हे सांगायला पत्र लिहिलेलं नाही. माझ्या पहिल्या पत्रात एक गोष्ट चुकीची होती.

खारू झोपलेली नव्हती.

नवीन पिशवी लावत होते तेव्हा तिने मला हाताने जवळ बोलावलं आणि विचारलं, "म्हणजे मला काढलं नाही ना?" आणि आपला एवढासा अंगठा खांद्यावरून मागे उडवला.

मी म्हटलं, "तुला कोण काढणार?"

"मावशीने काढलंय. मी डोळे थोडेसे उघडे ठेवले होते. ती खाऊ कुठे ठेवते ते बघायचं होतं."

तू आलीस तेव्हापासून ती तो अंगठा मनात घेऊन पडली होती. आम्ही तिच्यासमोर फुगेवाल्याच्या नकला करत होतो, आणि ती हसत होती, आणि आत हे. मनात राग साठलाय म्हणणाऱ्या त्या बाई निदान मनात काहीतरी आहे इथवर तरी पोचल्या होत्या.

मी तिला म्हटलं, मावशीचं सोड. तू चांगली आहेस. मी सांगते, डॉक्टर सांगतात. मी पालथा तळवा पुढे सरकवला. पुन्हा पुन्हा सरकवला. फिटर पाळीवरून आला, त्यानेही सरकवला. खारूने आमचे दोघांचे हात धरून खाली ठेवले, अगदी समजूतदारपणे, चुकलेल्या मुलांचे ठेवावेत तसे.

"तुम्ही नाही करायचं. जिने काढलं तिनेच लावायचं."

कायदा आपलाच, घरी जेवणाच्या टेबलावर आम्हीच पाळलेला. तिने बटाट्यासाठी आमच्याकडून पाळून घेतला, आता स्वतःसाठी पाळते आहे.

तेव्हा ऐक. मला अजून तुझी किळस येते. आईला धुता धुता, तिचं कण्हणं सोसता सोसता तुझं मन तिथवर गेलं, हे मला कळतं. कळतं आणि तरी येते. तुझ्यासमोर बसून चार घास खाणं मला जमेल असं वाटत नाही. पण इथे माझा हात चालत नाही, बापाचा चालत नाही, डॉक्टरांचा चालत नाही. म्हणून तुला बोलावते आहे. ऑपरेशनच्या आधी ये.

खाऊ आणू नकोस. रडू नकोस. माझ्याकडे बघायचीही गरज नाही. बेडच्या त्याच बाजूला उभी राहा. तपासणीवर बघायचीस तशी तिला नीट बघ, हवा तेवढा वेळ घे. उरकल्यासारखं करू नकोस, तिला लगेच कळतं. आणि अंगठा उठणार असेल तर घरातून निघूच नकोस.

टोपी मी परत पाठवली हे तिला समजल्यावर माझ्याशी एक दिवस अबोला होता. येताना घेऊन ये. कानांपाशी थोडी सैल कर, आत यंत्रं मावायला हवीत.

तुझी धाकटी